मेहकरजवळच्या तुळईवर कोरलेला दिवा

गुरुवारी बँकेत असतानाच प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, मेहकरला इतिहास शिकवते. जवळच्या एका खेड्यात महादेवाच्या जुन्या देवळात तुळईवर शिलालेख आहे, तो चुन्याखाली दडलाय आणि सोमवारी त्यावर ऑइलपेंट लागणार आहे, असं ती म्हणाली. वाचायचं काम तिचं, फोटो माझे. मी शनिवारची रजा टाकली आणि कॅमेऱ्याची बॅग भरली.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गाने मेहकर सोपं आहे. मी एसटीने गेले. पुण्याहून जालना, तिथून देऊळगाव राजाची गाडी सहज मिळते. रात्री तिथल्याच एका साध्या, स्वच्छ लॉजवर राहिले. सकाळी बालाजीचं दर्शन घेऊन स्टँडसमोर आलूबोंडा-रस्सा खाल्ला. रस्सा जपून घ्या, डोळ्यांतून पाणी काढतो. मग सिंदखेड राजावरून मेहकर. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, मधेच काळ्या दगडाचे उघडे माळ.

प्रज्ञा स्टँडवर स्कूटर घेऊन उभीच होती.

देऊळ बाहेरून अगदी बसकं. आत मात्र कोरीव खांब, आणि त्यांवर आडवी एकच लांब तुळई. चुन्याचे इतके थर की अक्षर म्हणून काही दिसेना. माझा चेहरा पडला. पेंटचे डबे कोपऱ्यात रचून ठेवले होते. मंदिर समितीचे अध्यक्ष रामभाऊ आणि देवळात दिवाबत्ती करणाऱ्या त्यांच्या वहिनी, गोदाकाकू, आमच्याकडे बघत होते. गावातली आणखी चार माणसं जमली. लेखात गुप्तधनाचा पत्ता असतो, असं त्यांनी ऐकलं होतं.

प्रज्ञाने दार लोटून घ्यायला सांगितलं, बल्ब बंद केला आणि टॉर्च तुळईला जवळजवळ टेकवून आडवा धरला.

अंधारात अक्षरं वर आली. आधी एक वेलांटी, मग एक शब्द, मग अख्खी ओळ. प्रत्येक खोदरेषेच्या कडेला बारीकशी सावली पडत होती. मी शटर दाबायचं विसरले.

प्रज्ञा थांबत थांबत वाचू लागली. त्या काळी मात्रा अक्षराच्या वर न देता आधी उभी रेघ काढून देत, त्यामुळे डोळा सारखा अडखळतो. ‘श्रीमत्प्रौढप्रतापचक्रवर्ती’ हे शब्द लागले तेव्हा तिचा आवाज बदलला. देवगिरीच्या यादवांचं हे बिरुद. त्यापुढे राजाचं नाव असायला हवं होतं, पण नेमका तिथेच दगडाचा टवका उडाला होता. खालच्या ओळीत देवापुढच्या नंदादीपाच्या तेलासाठी जमीन दिल्याचं होतं, चंद्रसूर्य असेपर्यंत. कुठे देवगिरी, कुठे हे खेडं! इथल्या पळीभर तेलाच्या कामातही त्या राजाचं बिरुद आधी कोरलेलं होतं. राज्य म्हणजे काय असतं, ते मला नकाशांवरून कधी इतकं कळलं नव्हतं.

काकूंनी विचारलं, “कोणाचं नाव हाय त्याच्यात?”

“राजाचं तुटलं, काकू,” प्रज्ञा म्हणाली. “तुमच्या गावाचं शाबूत हाय.” आणि तिने ते वाचून दाखवलं. आजच्या नावापेक्षा एक अक्षर जास्त होतं.

काकूंनी ते नाव हळूच उच्चारून पाहिलं. मग गाभाऱ्यातल्या समईकडे बघून म्हणाल्या, “म्हंजे हा दिवा तवापासून जळून राह्यला?”

हो म्हणणं सोपं होतं. प्रज्ञा म्हणाली, “तसं नाही सांगता येत. मधी कितीदा तरी विझला असन.”

काकूंनी समईची वात जरा पुढे सारली.

“विझला असन,” त्या म्हणाल्या. “पण पुन्हा लावणारं कोणी ना कोणी होतंच न.”

रामभाऊंना वर्गणीची काळजी होती. एवढीच तुळई पांढरी राहिली तर लोक काय म्हणतील, असं ते पुटपुटले. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “भाऊजी, तेवढी तुळई सोडा,” एवढंच म्हणाल्या. रामभाऊंनी मान डोलावली. मग त्यांनीच माझ्यासाठी स्टूल धरलं आणि ऊन कलेपर्यंत मी फोटो काढत राहिले. नंतर काकूंकडे ज्वारीची भाकरी आणि झुणका झाला.

कुठे शिलालेख बघायला गेलात तर आधी गावाला विचारा. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नका, ओरखडू नका. एक टॉर्च पुरतो. या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गुप्तधनासाठी पहार घेऊन फिरणारे लोक ब्लॉगही वाचतात.

मंगळवारी रामभाऊंनी फोटो पाठवला. भिंती पिवळ्याधमक, तुळई तशीच.

माझे फोटो मी पुण्यात निवांत मोठे करून पाहिले. ‘दीप’ शब्दातला ‘प’ ओळीत नाहीच. तो ओळीच्या वर, बारीक, दाटीवाटीने कोरलाय. खाली त्याची जागा दाखवणारी छोटीशी खूण. राजाच्या बिरुदात एक काना चुकलेला नाही आणि दिव्यापाशी कोरणाऱ्याचा हात घसरला. काम संपलं समजून तो खाली उतरला असेल, मागे सरकून ओळ वाचली असेल, आणि छिन्नी घेऊन पुन्हा वर चढला असेल.