कडा कापलेला अंक

रुद्रप्पा सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होता. पन्नाशीला आलेला, कमी बोलणारा माणूस. स्टेशनजवळच्या रेल्वे लाईन्स वस्तीतल्या दोन खोल्यांत तो एकटाच राहायचा. बायको ईरम्मा एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं.

त्याला एक छंद होता आणि तो कुणाला सांगायची त्याला लाज वाटायची. तो जुनी कॉमिक्स गोळा करायचा. जंगल, चाचे, गुहेतला खजिना असली, पोरांची.

सुरुवात ईरम्मामुळं झाली होती. ती सीमेवरच्या मैंदर्गी गावची, घरात सगळं कानडी. मराठी बोलायला जेमतेम, वाचायला तर नाहीच. एकदा पार्सलाच्या फाटक्या गठ्ठ्यातून पडलेला एक अंक साहेबानं त्याला देऊन टाकला. ईरम्मा चित्रं बघत बसली, मग म्हणाली, "काय म्हणतोय हा?" त्यानं कानडीत सांगितलं. तेव्हापासून नवा अंक आला की जेवणं झाल्यावर ती मांडी ठोकून बसायची, आणि तो पाणी प्यायला थांबला तरी विचारायची, "मुंद एनात?" पुढं काय झालं?

ती गेल्यावर दिवसकार्याला आलेल्या त्याच्या वहिनीनं, चंद्रव्वानं, घर आवरलं. रद्दी समजून सगळे अंक देऊन टाकले. रुद्रप्पा घरी आला तेव्हा कोनाडा रिकामा होता. पोरांची पुस्तकं हवी होती, असं वहिनीला कसं सांगणार होता?

मग तो दर रविवारी नव्या पेठेत मकदूमकडं जाऊ लागला. मकदूम फुटपाथवर ताडपत्री पसरून जुनी पुस्तकं विकायचा. हळूहळू अंक परत जमत गेले. दुसऱ्यांच्या घरांतले होते, पण गोष्टी त्याच होत्या. फक्त सुसरीच्या गोष्टीचा अंक मिळत नव्हता; तो त्यानं मकदूमला सांगून ठेवला होता.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर मकदूमनं त्याला लांबूनच हाक मारली. "साब, आव आव! तुमचा तो सुसरवाला अंक मिला. एकदम कोरा!"

रुद्रप्पानं तो तिथं उघडलासुद्धा नाही. घरी आणून खिडकीपाशी बसला. अंक खरंच देखणा होता, कोपरे टोकदार. पण हातात धरल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्यानं त्याच वर्षाचा दुसरा अंक काढला, दोन्हींचे कणे जुळवून एकावर एक ठेवले. नवा अंक उघडायच्या बाजूला करंगळीच्या रुंदीएवढा आत राहत होता. आतली पानं तपकिरी पडलेली, आणि कड मात्र दुधासारखी पांढरी. चित्रांच्या चौकटीबाहेरची मोकळी पट्टी आतल्या बाजूला रुंद, बाहेरच्या बाजूला अगदी अरुंद. कुणीतरी मशीनवर कडा कापल्या होत्या.

फसवलं म्हणून त्याला रागच आला. आणखी कुठं काय कापलंय ते बघत तो पानं उलटू लागला. सुसर पाण्यातून वर येते त्या पानावर त्याचा हात थांबला. उरलेल्या पट्टीत शिसपेन्सिलीनं कानडीत काहीतरी लिहिलं होतं. 'मोस'. पुढची अक्षरं कापली गेली होती.

मोसळी. सुसरीला कानडीत मोसळी म्हणतात. ईरम्माला वाचून दाखवताना अडायला नको म्हणून तो दुपारच्या सुट्टीत गोष्ट आधी वाचायचा, आणि अवघड शब्दाशेजारी कानडी शब्द टिपून ठेवायचा. अक्षर त्याचंच होतं. हा अंक त्याच्या घरातला होता.

तो घाईघाईनं पानांचे खालचे कोपरे बघू लागला. ईरम्मा चुलीपुढून तशीच उठून यायची आणि हळदीच्या बोटांनी पान उलटायची. तो ओरडायचा, ती हसायची. आता एकाही कोपऱ्यावर बोटाचा ठसा नव्हता. एका पानावर कडेला केसाएवढी पिवळी रेघ तेवढी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो मकदूमकडं गेला. "कडा कुणी कापल्या?"

मकदूम गोंधळला. "कोंडीबा बाइंडरनं. पिवळे डाग होते साब, कोपऱ्या कोपऱ्यावर. घाण दिसत होतं म्हणून मीच दिला त्याला. तुमच्यासाठी चांगला करून ठेवला की!"

"ते डाग माझ्या घरचे होते," रुद्रप्पा म्हणाला. "घरातल्या माणसाचे."

मकदूमनं हातातली पुस्तकं खाली ठेवली. शेजारच्या चहावाल्याला दुकान बघायला सांगून तो रुद्रप्पाबरोबर निघाला.

कोंडीबाच्या दुकानात मशीनखाली कातरणाचा ढीग होता. दोघंही उकिडवे बसून चाळायला लागले. लग्नपत्रिका, पावत्या, शाळेच्या वह्या, सगळ्यांच्या पट्ट्या सारख्याच.

"काय शोधताय?" कोंडीबानं विचारलं. मकदूमनं सांगितलं. कोंडीबा मशीन थांबवून म्हणाला, "त्या टायमाचं पोतं गेलं की हो पुठ्ठ्याच्या कारखान्यात. आतापत्तर लगदा झाला आसंल."

तरीही रुद्रप्पा चाळत राहिला. शेवटी मकदूमनं त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"पैसे वापस देतो साब."

"नको. अंक माझाच हाय."

चालत दोघं पांजरापोळ चौकापर्यंत आले. मकदूमनं विचारलं, "घरी चला ना. घरवाली चांदबी जेवायला वाढेल." रुद्रप्पाला क्षणभर जावंसं वाटलं. पण भरल्या घरात आपण काय बोलणार, असं मनात आलं आणि तो म्हणाला, "येईन की एकदा."

तो कधी गेला नाही. रविवारी ताडपत्रीपाशी मात्र जात राहिला. मकदूमनं पुन्हा एकही अंक कापायला दिला नाही. मळका असो, फाटका असो, तसाच बाजूला काढून ठेवायचा. दोघं थोडं हवापाण्याचं बोलायचे. मग गिऱ्हाईक यायचं, आणि रुद्रप्पा सायकल हातात धरून रेल्वे लाईन्सकडं चालू लागायचा.