हिरव्या पाठीला चिंच

बाळांनो, शहाद्यापासून तापीच्या काठापर्यंत सरळ वस्तू सरळ पाहू न शकणारा एकच माणूस आहे : आपले शेजारी, ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर. त्यांना भाकरीत वर्तुळ दिसतं, केळीच्या घडात माणसाचा पंजा, आणि समोर उभ्या माणसात नुसते त्रिकोण. गल्लीतल्या फुटक्या वाट्यांपासून तडकलेल्या घंटेपर्यंत सगळं परसातल्या भट्टीत वितळवून ते काशाची अमूर्त शिल्पं ओततात. "हे काय आहे?" असं विचारलं की दुखावतात, नाही विचारलं की जास्त दुखावतात. शिवाय प्रत्येक लग्नात आहेर म्हणून एक देतात. तुमच्या आईला दिलेलं 'अनंत' आम्ही दार आपटू नये म्हणून लावतो आणि मास्तरांची चप्पल वाजली की उचलून टीव्हीशेजारी ठेवतो.

नाशिकच्या प्रदर्शनासाठी त्यांनी कमरेएवढा, वाकलेला एक आकार केला होता. बी म्हणा, टेकडी म्हणा. मीठ-नवसागराचं पाणी शिंपडून वर्षभर त्यावर हिरवा गंज चढवला. "हा काळाचा स्पर्श, वहिनी," मला म्हणायचे. निवड करणारी मंडळी येणार होती, नेमकी श्रावणात, आपल्या कानबाई देवीच्या सणाच्या दिवसांत. कानबाई बसण्याआधी आपल्याकडे कुठल्या घरात डागाळलेलं भांडं राहतं? मास्तरीणबाईंनी हंडे घासले, समया घासल्या, आणि हात चालूच होता म्हणून शिल्पही घासलं.

मंडळींनी त्या लखलखाटात आपापले चेहरे पाहिले, केस सारखे केले, चहा घेतला आणि गेली. शिल्प इथेच राहिलं.

"वरीसभरनी मेहनत व्हती मन्ही!" मास्तर ओरडले.

"कितला जंग चढेल व्हता! कानबाई काय म्हणती?" मास्तरीणबाईंनी पदराने शेवटचा डाग पुसला. मग जरा मागे सरकून पाहिलं. "आनि हाई ते मन्ही पाठ शे. चूल फुकताना अशीच दिखस."

मास्तर कानापर्यंत लाल झाले. त्यांचं शिल्प न विचारता ओळखणारं ते जगातलं पहिलंच माणूस होतं.

मास्तरीणबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. शिल्प परसात आपोआप हिरवं झालं, मास्तरांना हवं होतं अगदी तसं. यंदा कानबाईच्या आदल्या दिवशी ते वाटी घेऊन दारात उभे राहिले.

"वहिनी, जराशी चिंच शे का?"

दुपारभर भिंतीपलीकडून घासण्याचा आवाज येत होता. संध्याकाळी मी पाहून आले. पाठ चकाकत होती, बगलेत हिरवं तसंच राहिलं होतं. घासलेल्या भांड्यावरचा राहिलेला डाग दाखवून देण्याचा माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे; तरी मी ते दाखवलं नाही.