सानिकाची कबड्डी मीच बंद केली होती

मैत्रिणींनो, आज सकाळी माझ्या लेकीला, सानिकाला, मुलुंडच्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. दहावीत आहे ती. महिनाभर डोकं दुखतंय, जेवण कमी, बोलणं त्याहून कमी.

तपासून डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही. संध्याकाळी खेळतेस का गं?"

"कबड्डी खेळायचे. दहावी म्हणून आईने बंद केली."

मला मान वर करवेना. संध्याकाळी मीच म्हटलं, "जा, तासभर खेळून ये."

गुडघा खरचटूनच परतली. तीन चपात्या खाल्ल्या आणि जेवताना बोलतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मला वाटायचं, मार्क कमी पडले तर तू माझ्याशी बोलणारच नाहीस."

मी तिला जवळ घेतलं.

अभ्यासापायी तुम्ही मुलांचं काय बंद केलंय? खरं सांगा.