डावरा हिरो

पहिल्या पाळीला मी चिंचोळी एमआयडीसीत यंत्रांची कुरकुर ऐकतो आणि घरी येऊन माणसांची. त्यातल्या त्यात यंत्रं बरी, तेल घातलं की गप्प बसतात. त्या आठवड्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई-आण्णा माढ्याकडच्या आमच्या गावाहून सोलापूरला आले होते. आमच्या दोन खोल्यांत टीव्ही एकच, आणि आल्यागेल्याचं मन रमवायची जबाबदारी माझी, असं माझं मीच ठरवलेलं.

बायकोला खून आणि पोलीस-तपास लागतो. तो लावला, तर आण्णा म्हणाले, "समदे कानातच बोलतेत. खून झालाय का सोयरीक जुळवालेत, कळंना." मग मी दक्षिणेकडची मारामारी लावली. "ह्यो एकटा आख्खं गाव लोळवतोय, आन् सदऱ्याला सुरकुती न्हाय." भुताचा लावला, तर आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पांढरं लुगडं नेसून रानात हिंडतीय, ह्या बाईला घरी काय कामधंदा न्हाय व्हय?" आईला एका डोळ्याने धुरकट दिसायचं, पण मतं अगदी लख्ख.

तिसऱ्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्यांना जुनं आवडत असणार. हा शोध माझा स्वतःचा. दोघांच्या लग्नानंतर गावच्या जत्रेत तंबूत आलेला एक काळा-पांढरा सिनेमा मी मोबाइलवर हुडकला आणि टीव्हीला जोडला. अर्धा तास घरात शांतता होती. मी बसल्या बसल्या पेंगत होतो. मग खळ्यावरची मारामारी आली.

इथे सांगायला हवं की, ह्या मारामारीवरून आमच्या घरात मला कळायला लागल्यापासून भांडण आहे. हिरो काठी उजव्या हातात धरतो, असं आण्णांचं म्हणणं. आई म्हणते, डावरा आहे. भाकरी करपली, म्हैस आटली, तरी विषय फिरून त्या काठीवर यायचा. आज टीव्हीवर हिरोने काठी उचलली, ती उजव्या हातात.

"बघ," आण्णा म्हणाले.

"ह्या टीवीत कायतरी बिघाड हाय," म्हणत आईने माझ्याकडे पाहिलं. घरातला मेकॅनिक मी.

मी झोपेचं सोंग घ्यायला हवं होतं. पण बिघाड म्हटलं की मला राहवत नाही.

"आई, तंबूत तुम्ही कुठं बसायचात?"

"बाया पडद्याच्या पल्याड, बापय अल्याड. मशीन त्येंच्याकडं."

मी दाराला ओला टॉवेल टांगला, मोबाइलची बॅटरी लावली, तिच्यापुढे माझा उजवा हात धरला आणि आईला टॉवेलमागे उभं करून दाखवलं, की पलीकडून उजवं ते डावं दिसतं. म्हणजे तंबूतला प्रत्येक सिनेमा तिने उलटा पाहिला होता. नावांच्या पाट्यासुद्धा उलट्याच असणार. फक्त तिला वाचता येत नसल्यामुळे ते कधी कळलं नाही. काही राहायला नको म्हणून मी हेही सांगितलं. आण्णा हसून हसून खोकायला लागले. बायको म्हणाली, "झालं समाधान?"

जेवताना आई भाकरीचा तुकडा नुसताच मोडत बसली.

"म्हंजी जल्मभर मी उलटंच बघितलं."

"फक्त सिनेमे, आई," मी धीर दिला.

"मग ऱ्हाऊ दे ते आपरेशन. उलटं बघून संसार झाला, आता सुलटं बघून काय करू? सकाळच्या यष्टीनं गावाकडं जाते मी."

ऑपरेशन परवावर आलेलं. त्याआधी डोळ्यात घालायचे थेंब तिने खिडकीत नेऊन ठेवले. मी समजावायला बसलो. पाळीचा शीण असा, की समजावता समजावता मलाच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन. "आत्याबाई पिशवी भरून बसल्यात. मला कणकण आलीय असं सांगितलंय, म्हणून स्वयंपाकाला थांबल्यात. तुम्ही मात्र आल्यावर काही समजावू नका."

संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, तर दिवा बंद आणि टीव्हीवर कालचाच सिनेमा चाललेला. आण्णा टीव्हीकडे पाठ करून, समोरच्या शोकेसच्या काचेला नाक लावून बसलेले. मला वाटलं, सोलापूरचं ऊन बाधलं.

"आण्णा, टीव्ही मागं आहे."

"म्हायती हाय. गप बस."

आई कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसली होती, पण मान मधूनमधून वळत होती. खळं आलं. काचेतल्या हिरोने काठी उचलली, ती डाव्या हातात.

"डावराच हाय की," आण्णा म्हणाले. "आन् हिकडनं जरा देखणाबी दिसतोय."

"मग मी काय खोटं सांगत हुते?" आई भिंतीलाच म्हणाली.

थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. ती आण्णांच्या शेजारी येऊन बसली. तंबूत दोघं कधी एका बाजूला बसली नव्हती. मी दमून टीव्ही आणि शोकेसच्या मधोमध जमिनीवर बसलो, तर आण्णा म्हणाले, "सरक तिकडं, तुझं डोस्कं आडवं येतंय."

सिनेमा संपला. आई म्हणाली, "ते थेंब आण गं."

बायकोने खिडकीतली बाटली आणली. आईने मान मागे टाकली, मग पुन्हा सरळ केली.

"उद्या डावा डोळा म्हनले न्हवं डाक्टर? डावा म्हंजी माझ्याकडनं का त्यांच्याकडनं?"

मोबाइल माझ्या हातातच होता, टॉवेल अजून दारावर. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टरांनाच विचारू," मी म्हणालो.