शेळकेसरांची डिस्क

एक घर सोडलं तर हे मी अजून कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही — आणि त्याच्यापुढे माझं तोंड कधी बंद नसतं. तुम्ही आपले म्हणून सांगते. मध्येच अडखळेन, पण आज सांगून टाकणार.

आमच्या सहकारी बँकेचं संगणक केंद्र नगरच्या एमआयडीसीत आहे. तिथे कपाटाएवढी एक मेनफ्रेम आहे, सगळ्या शाखांचं काम तिच्यावर. काही वर्षांपूर्वी जुन्या विकतच्या सिस्टीमला कंटाळून वरच्यांनी ठरवलं, ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही खुलं असलेलं, लिनक्स घालायचं. पण लिनक्स काय एकच असतं? माझ्याबरोबर मशीन सांभाळणारे शेळकेसर म्हणायचे, ज्याच्यामागे कंपनी उभी आहे, बोलावलं की माणूस येतो, असं घ्या. मी म्हणायचे, जगभरच्या लोकांनी मिळून चालवलेलं, पूर्ण मोफत घ्या. अडलं तर मी बसलेय ना! बघा, मिजास केवढी. शेवटी साहेबांनी तोड काढली. दोघांनी आपापलं एकेका मोकळ्या डिस्कवर बसवायचं, शुक्रवारी संचालकांपुढे चालवून दाखवायचं, जे पटेल ते घ्यायचं.

सर घोडेगावचे, माझ्याहून बरेच मोठे. डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागते, म्हणजे तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. आणि मेनफ्रेमवर डिस्क ओळखायची ती नंबरावरून. म्हणून सरांनी रीत पाडली होती — पुसण्याआधी एकानं नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं ताडून बघायचा. आमच्या बाजारात दात बघितल्याबिगर बैलाचा कासरा कुनी हातात घेत न्हाई, म्हणायचे. मी हसायचे. म्हणे मला रीत शिकवतात!

सरांचं काम बुधवारीच झालं. माझं गुरुवारी दुपारी काही केल्या सुरू होईना. सर जेवायला गेलेले, माझा जीव नुसता चरफडत होता. म्हटलं, पुसून पहिल्यापासून बसवू. नंबर टाकला. मशीननं विचारलं, खात्री आहे का? मी 'येस' लिहिलं. पूर्ण शब्द लिहावा लागतो तिथे. वाचणारी मीच, ताडणारी मीच.

शेवटचा आकडा चुकला होता. मी सरांची डिस्क पुसली होती.

कळलं कधी? लगेच. नंबर समोर स्क्रीनवर तसाच होता. सर पलीकडे डबा खात होते. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून परत बसवलं असतं. मग का नाही सांगितलं? चूक काय, कुणाच्याही हातून होते. पण त्या वेळी माझ्या मनात आलं — बरंच झालं. हेच ते. हेच इतकी वर्षं कुणाला सांगता आलं नाही. मग मी नीट नंबर बघून माझ्या डिस्कवर पुन्हा बसवलं, आणि ते चाललं.

शुक्रवारी सरांचं उघडेना. संचालक घड्याळं बघायला लागले. डिस्क कोरी दिसल्यावर सर परत परत नंबर बघत राहिले. पुटपुटले, "माझ्याच हातनं पुसली आसंल." मी शेजारी उभी होते, मूग गिळून. एवढ्यावर थांबले असते तरी... पण साहेबांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी म्हणाले, "सरांचं वय झालं आता."

माझं लिनक्स घेतलं गेलं. सरांना मशीनवरून काढून एका शाखेत पासबुकं छापायला बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. आणि केंद्रात एक शब्द रुळला. कुणी चुकून काही पुसलं की 'त्यानं शेळके केला'. अजून म्हणतात. मीही म्हणत आले, हसून. करून सवरून नामानिराळी.

आता नवं लिनक्स घालायचंय, पुन्हा निवड आलीय. परवा नव्या साहेबांनी मला विचारलं, हा शेळके कोण हो? नेहमीची गोष्ट सांगायला मी तोंड उघडलं आणि ती बाहेरच येईना.

रविवारी घोडेगावला गेले. सर ओट्यावर होते. काकूंनी चहा दिला आणि हसत गाऱ्हाणं सांगितलं — कुलूप लावलं तरी हे मला ओढून बघाया लावत्यात, गॅस बंद केला तरी मला बोलावत्यात, माझा माझ्यावर भरवसा न्हाई म्हनत्यात. मी कप खाली ठेवला. मग सांगितलं. सगळं, ते 'बरंच झालं'सुद्धा.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी मी नंबर बरोबर वाचला हुता?"

"हो, सर."

ते काकूंकडे वळले. "ऐकलं का? बरोबर वाचला हुता." आणि उठून आत गेले. मला बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं मी निघाले.

उद्या निवडीची बैठक आहे. कुठलं लिनक्स घ्यायचं ते नंतर. आधी मी उभी राहणार आहे, कोणती डिस्क कुणी पुसली ते सांगणार आहे, आणि नाव घेणार आहे — माझं. मोठ्यानं.