राखणदार खोकं

आमच्या यंत्राचा सूर दुपारी उतरायचा. सकाळी पेटीच्या ‘काळी दोन’ या पट्टीशी जुळवून ठेवावा, आणि शिवारातल्या विहिरींवर मोटारी सुरू झाल्या की तो हळूहळू खाली घसरायचा. त्याच वेळी डोक्यावरचा दिवाही पिवळा पडायचा. माझा दोस्त हातातली सोल्डरिंग गन बाजूला ठेवून दिव्याकडं बघायचा आणि म्हणायचा, “निघाला बघा मास्तर. गेला पाणी प्यायला.”

ही ऐंशीनंतरची गोष्ट. मी नळदुर्गच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आमच्या घरातला, खरं तर आमच्या सगळ्या बौद्धवाड्यातला, मी पहिला पदवीधर. बहात्तरच्या दुष्काळात आई-वडील खडी फोडायला जात आणि मी सुकडी खाऊन शाळेत जाई. पुढं सोलापूरला कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्या हातात किल्ली देणारा तो पहिला माणूस. आजही कुलूप उघडताना त्यांची आठवण येते. तसेच आमचे मुख्याध्यापक. रविवारी प्रयोगशाळेतून रडल्यासारखे आवाज येतात, असं शिपायानं त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की मास्तर काहीतरी शिकत असतील, शिकू द्या.

रडल्यासारखा आवाज खराच होता. दिल्लीहून निघणारं इलेक्ट्रॉनिक्सचं एक इंग्रजी मासिक मी मागवत असे. त्यात एक लेखमाला सुरू झाली होती. परदेशात म्हणे सूर घडवायची यंत्रं सुट्या सुट्या खोक्यांची असतात. एक खोकं नुसता आवाज काढतं, दुसरं तो गाळतं, तिसरं त्याला हलवतं, आणि खोकी तारांनी जशी जोडावीत तसा सूर बदलतो. दर अंकात एक नवं खोकं आणि ते कसं बनवायचं याचा धडा. वाचायचं आणि समजून घ्यायचं काम माझं, हात माझ्या दोस्ताचा.

तो जळकोटकडच्या एका धनगर घरातला. आयटीआय करून नळदुर्गात हायवेलगतच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. ट्रकवाल्यांचे टेप दुरुस्त करायचा. कान असा, की ट्रक लांबून येताना ऐकून सांगायचा, आत कुठला टेप आहे आणि त्याचा पट्टा सैल झालाय का. खोक्यांना नावं त्यानंच दिली. आवाज काढणारं खोकं पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ते नुसतं भोकाड पसरून बसलं, म्हणून त्याचं नाव रड्या. गाळणारी ती चाळण. सूर हलवणारा झोका. सूर अडवून हळूच सोडणारं ते फाटक. मी मासिकातल्या धड्यांचं मराठी करताना हीच नावं ठेवली. शाळेच्या सायक्लोस्टाइलवर ते धडे काढून आम्ही आपल्यासारख्याच काही हौशी लोकांना पोस्टानं पाठवायचो. कोणी कंपाउंडर, कोणी एसटीतला वायरमन. सगळे कुठं कुठं पांगलेले, एकमेकांना कधी न पाहिलेले. “तुमचा रड्या आमच्याकडे रडू लागला,” असं कार्ड आलं की आम्हाला लग्नाची पत्रिका आल्यासारखं वाटायचं.

माझ्यासाठी ही हौस होती. दोस्तासाठी तशी राहिली नाही.

आदल्या वर्षी पाऊस ओढून गेला होता, आणि त्या वर्षी मृगसुद्धा कोरडा गेला. चारा संपला. दोस्ताच्या वडिलांनी मेंढरं विकली. कळप गेल्यावर म्हातारा रिकाम्या वाड्यापाशी, म्हणजे काट्यांच्या कुंपणापाशी, तसाच काठी घेऊन बसायचा. मग ऊसतोडीचा मुकादम घरी येऊन गेला. दसरा झाला की ट्रक साखर कारखान्यांकडं निघणार. टोळीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. थोरल्या भावाचा एक कोयता ठरला होता. दोस्ताचा दुसरा ठरवायचा होता. तो गेला नाही तर त्याच्या बायकोलाही जाता येणार नव्हतं, आणि घर एका कोयत्यावर चालणार नव्हतं.

त्याला तोडीला जायचं नव्हतं. सोलापुरात वाद्यांचा एक व्यापारी होता. दुकानात पेट्या, तबले, तंबोरे. आम्ही त्याला यंत्राबद्दल सांगून आलो होतो. भजनी मंडळांना असं सूर धरणारं यंत्र हवंच आहे, असं तो म्हणाला. भजन संपेपर्यंत सूर हलला नाही, तर दोस्तानं त्याच्याकडंच कारागीर म्हणून बसावं आणि अशी यंत्रं बनवावीत. दोस्तानं वडिलांकडून दसऱ्यापर्यंतची सवड मागून घेतली.

सगळं येऊन सुराच्या उतरण्यावर अडलं होतं. सेलवर चालवून पाहिलं, तर भजन रंगात येईपर्यंत सेल बसायचे. लेखमालेत वीज स्थिर ठेवायचं एक खोकं दिलेलं होतं. मी दोस्ताला ते असं समजावलं: हौदाला एका उंचीवर सांडवा ठेवला, तर वरून पाणी जास्त आलं तरी हौदातली पातळी तेवढीच राहते. त्याला ते लगेच पटलं. वीज इकडं-तिकडं पांगू द्यायची नाही, म्हणून त्यानं नाव ठेवलं राखणदार. यंत्र पूर्ण उकलून ते नव्यानं जोडण्यात बरेच रविवार गेले. तेवढ्या काळात आम्ही एकदाही सूर ऐकला नव्हता.

राखणदार बसवून यंत्र चालू केलं आणि काळी दोनला लावलं. दुपार झाली. सूर हलला नाही. संध्याकाळ झाली, तरी नाही. पुढच्या रविवारीही नाही. दोस्त पेटी वाजवून पुन्हा पुन्हा ताडून बघत होता. त्याचा विश्वास बसेना. मग तो प्रयोगशाळेच्या फरशीवर मांडी घालून बसला आणि हसायला लागला. शिपायाला चहा आणायला सांगितलं, त्याला म्हणाला, “आज रड्या गप हाय. बघ, पोरगं शाणं झालं.” मी त्याच आठवड्यात राखणदाराचा धडा लिहिला. सूर दिवसभर स्थिर राहतो, आम्ही स्वतः पडताळून पाहिलं आहे, असं त्यात लिहिलं आणि सगळ्यांना पाठवून दिला. त्या दिवसांत मी सकाळी टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभा राहत होतो. गावाभोवतीच्या विहिरींचे तळ दिसत होते. हे सगळं डोळ्यांसमोर होतं. पण दिव्याकडं बघायची सवय आम्ही त्या आनंदात सोडून दिली होती.

दसऱ्याच्या आधी आम्ही यंत्र गोधडीत बांधून एसटीनं सोलापूरला नेलं. व्यापाऱ्यानं एका बुवांना बोलावून ठेवलं होतं. वयस्क, बारीक अंगाचे, डोक्याला मफलर. त्यांनी यंत्राला आधी हात जोडले. मग सूर लावायला सांगितला आणि डोळे मिटून गायला बसले. काय गायले ते मला आता आठवत नाही, पण आमच्या सुरावर एक माणूस विश्वासानं उभा आहे, एवढं मला जाणवत होतं. दोस्त भिंतीला टेकून उभा होता. त्याचा गळा मधूनच हलायचा, जणू तोही मनात गात होता. व्यापारी मान डोलावत होता. त्यानं डोळ्यांनीच मला खूण केली, की झालं काम.

दिवेलागण झाली. रस्त्यावरचे दिवे लागले, आजूबाजूच्या गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड वाढली. मला आधी काही कळलं नाही, कारण बुवा आणि यंत्र एकमेकांना धरूनच खाली येत होते. बुवा जुने, सुराला सोडणारे नव्हते. सूर जिकडं गेला तिकडं तेही गेले. मग त्यांची भुवई हलली. एका जागी ते थांबले, डोळे उघडले आणि आपल्याच गळ्यावर हात ठेवून म्हणाले, “माझा गळा बसला की काय?”

दोस्तानं वर पाहिलं, मीही पाहिलं. दुकानातला दिवा पिवळा पडला होता.

बुवांना काय झालं ते व्यापाऱ्यानं समजावून सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, चला, बिचारं माझ्याआधी दमलं. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. व्यापाऱ्यानंही आम्हाला चहा पाजला. पण तो म्हणाला, की भजनं संध्याकाळीच होतात आणि संध्याकाळची वीज ही अशीच असते. गाणाऱ्याला फसवणारं वाद्य मी दुकानात ठेवत नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी सुधारणेसाठी मुदत मागितली. तो म्हणाला, करा की, कधीही आणा. पण कारागिराची जागा तो मोकळी ठेवणार नव्हता. दसऱ्यानंतर त्याचा धंद्याचा हंगाम होता.

परतीच्या एसटीत यंत्र दोस्ताच्या मांडीवर होतं. गाव जवळ आलं तेव्हा तो बोलला.

“मोटारी बंद व्हत्या, मास्तर. विहिरीत पाणीच न्हाय, तर मोटारी कशाच्या चालत्यात? म्हणून सूर ऱ्हायला.” मग यंत्रावरची गोधडी नीट करत म्हणाला, “मेंढरं न्हाईत त्या वाड्याची राखण केली आपून.”

मी त्याला म्हणालो, की यावर उपाय असलाच पाहिजे, मी शोधतो. तो म्हणाला, शोधा. मला त्या ‘शोधा’मध्ये त्याचं स्वतःचं काही ऐकू आलं नाही.

दसऱ्यानंतर ट्रक आला. त्यात भांडी, चुलीची लोखंडी तिकाटणी, शेळ्या, पोरं आणि वर माणसं. दोस्ताच्या बायकोनं पहिल्यांदाच कोयता हातात घेतला होता. तो कसा धरायचा हे जाऊ तिला हसत हसत दाखवत होती. दोस्तानं सोल्डरिंग गन आणि सगळी खोकी माझ्याकडं ठेवली. मी म्हणालो, निदान छोटा रेडिओ तरी घेऊन जा. तो म्हणाला, “उसाच्या फडात कान कशाला लागतोय?”

तो गेल्यावर थोड्या दिवसांनी कॅनॉलच्या भागातल्या एका हौशी वाचकाचं कार्ड आलं. राखणदार धड्याप्रमाणे बनवला, पण आमच्याकडे मोटारी चालू झाल्या की सूर उतरतोच, माझं काय चुकतंय? त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्याच्याकडं पाणी होतं, एवढंच. मी पुन्हा पुस्तकं काढली, कॉलेजच्या सरांना जाऊन भेटलो. त्यांनी माझंच हौदाचं उदाहरण ऐकून घेतलं आणि विचारलं, वरून येणारं पाणीच सांडव्यापर्यंत पोचलं नाही तर? आमच्या राखणदाराला वरून मिळणारी वीज आधीच जेमतेम होती. विजेचा दाब उतरला की हौद भरायचाच नाही. ट्रान्सफॉर्मर थोडा मोठा घ्यायचा, बस. बाकी खोकं जसंच्या तसं. इतकंच होतं ते. मी नवा धडा काढला, त्या वाचकाला आधी पाठवला. त्याचं आभाराचं कार्ड आलं. सूर ठरला म्हणून त्यानं पेढे वाटले होते.

हंगाम संपवून दोस्त परतला तेव्हा काळवंडला होता. त्या वर्षी पाऊस झाला. भादव्यातल्या उघडिपीत एका रविवारी मी त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. दुपारी यंत्र काळी दोनला लावलं आणि आम्ही बसून राहिलो. दिवा पिवळा पडत गेला. सूर तिथंच उभा होता.

तो यंत्राकडं बघतच नव्हता. दिव्याकडं बघत होता.

“पाणी आलंय की विहिरींना,” तो म्हणाला.

मी त्याला म्हणालो, आता पुन्हा सोलापूरला जाऊ. मी बोलत राहिलो, आणि मग त्यानं शांतपणे सांगितलं, की मुकादम परवाच येऊन गेला. या वेळी कोणी आग्रह केला नाही, त्यानंच दोघांचा कोयता सांगितला. दोन हंगाम केले तर वडिलांसाठी थोडी मेंढरं घेता येतील. म्हातारा अजून रिकाम्या वाड्यापाशीच बसतो. मग मी त्याला म्हणालो, निदान एकदा सूर तू लाव, तुझ्या कानानं. मी मुद्दाम थोडा उतरवून ठेवला. त्यानं सुराचं छोटं बटण दोन बोटांत धरलं, फिरवलं. सूर एकदम वर उडाला. पुन्हा फिरवलं, तर खाली गेला. कोयत्यानं बोटांची कातडी जाड होऊन चकाकत होती. कान तोच होता. चुकतंय हे त्याला प्रत्येक वेळी ऐकू येत होतं.

“तुमीच लावा मास्तर,” तो म्हणाला, “मला बोटाला कळंना.”

मी लावला. त्यानं मान हलवली, की हां, बरोबर. मग उठून चप्पल घातली. जाताना दारातून म्हणाला, की वीज कशाला जाळता, बंद करा.

पुढं त्यानं दोनच्या जागी बरेच हंगाम केले. आम्ही नवं खोकं काही बनवलं नाही, आणि धडेही थांबले. वाचकांची कार्डं काही काळ येत राहिली, नवं काय, म्हणून विचारणारी.