रविवारी गाडी तापवायला येणारे मिस्त्री

रावसाहेब मिस्त्री मंगळवारी गेले. दुपारी गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट उघडून ते उभे होते. खाली बसले आणि उठले नाहीत. शेजारच्या टायरवाल्यांनी मला कॉलेजात फोन केला. मी ग्रंथालय बंद केलं, घरी आलो आणि वडिलांना सांगितलं.

वडिलांना मी दादा म्हणतो. दादा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. आई गेली त्या दिवशी मी आग्रह केल्यावर त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली होती. मिस्त्रींच्या दिवशी माझा आग्रह चालला नाही. अशा वेळी असली तुलना करू नये हे मला कळतं. पण मी ती केली, आणि या माणसाविषयी खरं लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. सहा वर्षं मी त्यांचा हेवा करत आलो.

बीडमध्ये आमच्या घरापासून जवळच त्यांचं गॅरेज होतं. वर पत्रे, समोर लिंबाचं झाड. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. आपल्या पोराला कोणी अरेतुरे करू नये म्हणून आईनं त्याचं नावच रावसाहेब ठेवलं. "नाव रावसाहेब आन् हातात पाना," असं म्हणून ते स्वतःच हसत. साखर कारखान्याच्या आवारात उसाचे ट्रॅक्टर दुरुस्त करता करता ते इंजिन शिकले. बिघाड शोधताना ते आधी बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटत, आणि त्यांचे डोळे उघडेपर्यंत गाडीच्या मालकानं काही बोलायचं नाही, असा तिथला नियम होता.

आमच्या भागात कोणालाही गाडी घ्यायची असली की तो शोरूमच्या आधी मिस्त्रींकडे जायचा. ते कंपनी विचारत नसत, रंग विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "रोज किती पळनार?" धारूरला नोकरीसाठी रोज जाऊन येऊन करणाऱ्या एका शिक्षकांना त्यांनी डिझेल घ्यायला लावली. पण गावातल्या गावात फिरणाऱ्याला ते पेट्रोलच सांगत. एकदा निवडणुकीला उभं राहू पाहणारे एक बागायतदार आले. डिझेलच हवी म्हणत होते. रोज कुठं जाता, असं मिस्त्रींनी विचारलं, तर गाडी बहुतेक दारातच असेल म्हणाले. "मंग बैलगाडी घ्या की. दारात लई शोभंल," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

मलाही त्यांनी समजावलं होतं. "पेट्रोल म्हंजे तरणं पोरगं, सर. हाक मारली की उठून पळतंय. डिझेल म्हाताऱ्या मानसावानी हाय. अंग तापल्याबिगर बोलत न्हाई. पन तापलं की लांबवर नेतंय." माझं घर ते कॉलेज अंतर दोन किलोमीटर. त्यांनी मान वर न करताच पेट्रोल सांगितलं. मी मासिकांतली माहिती आधीच वाचली होती. त्यांचं बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. छोट्या डिझेल गाड्या तर तेव्हा बाजारातून हळूहळू कमीही होत चालल्या होत्या. तरी मी डिझेलच घेतली.

त्याचं कारण दादा. दादांनी तीस वर्षं एस.टी. चालवली. पुढे नजर अधू झाली आणि स्टिअरिंग सुटलं. पेट्रोलच्या गाडीला ते शिलाई मशीन म्हणायचे. आम्हा दोघांना बोलायला कधी विषयच सापडला नव्हता. पुस्तकं त्यांची नव्हती आणि इंजिन माझं नव्हतं. वाटलं, अंगणात डिझेलचं इंजिन आलं की ते माझ्या शेजारी बसतील, काही सांगतील. गाडी आली तेव्हा दादांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि बरी आहे म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी एकटाच कॉलेजला जाऊ-येऊ लागलो. पाच मिनिटांत पोचायचो.

तिसऱ्या महिन्यात गाडीत पिवळा दिवा लागला. मिस्त्रींनी कारण सांगितलं. डिझेलचा धूर गाळायला एक जाळी असते. गाडी सलग पळून चांगली तापली तर त्या जाळीतली काजळी जळून जाते. माझी गाडी तापायच्या आधीच थांबत होती, म्हणून जाळी भरत चालली होती. मी सांगितलं होतं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. आठवड्यातून एकदा तिला तासभर घाटात न्या, एवढंच म्हणाले. रविवार माझ्या वाचनाचा. मी त्यांनाच विचारलं, तुम्ही न्याल का. ते हो म्हणाले.

रविवारी सकाळी सातला ते आले, तेव्हा दादा बूट घालून फाटकात उभे होते. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग दर रविवारी हेच होऊ लागलं. पालीवरून मांजरसुंब्याचा घाट चढायचा, थोडं पुढं जायचं, आणि येताना पालीला धरणाजवळ चहा घ्यायचा. तासाभराच्या कामाला तीन तास लागू लागले. मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसे, पण पानं उलटत नसत. गाडी अंगणात येऊन थांबे, इंजिन बंद होई, तरी दारं उघडत नसत. दोघं आत बसून बोलतच असत. काचेतून दादांचे हात दिसत. मोठ्या बसचं स्टिअरिंग वळवावं तसे ते हलत असत. माझ्याशी बोलताना ते हात नेहमी मांडीवर पडलेले असायचे.

एकदा मिस्त्री कापडाला हात पुसत मला म्हणाले, दादांसारखा ड्रायव्हर जिल्ह्यात झाला नाही. त्या घाटात ब्रेक गेले तेव्हा डोंगराला बस घासत घासत थांबवली, एकाही माणसाला खरचटलं नाही. "तुमी आईच्या पोटात व्हते तवा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमाला म्हाईत न्हाई?" त्या विचारण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मी पाचला उठलो आणि एकट्यानंच गाडी घाटात नेऊन आणली. सातला मिस्त्री आले. बॉनेटवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "तापलीया सर. आज काम न्हाई," म्हणाले आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. दादा फाटकातच उभे होते. मी त्यांना म्हटलं, चला, मी तुम्हाला चक्कर मारून आणतो. ते म्हणाले, कशाला उगीच डिझेल जाळतो. बूट काढून आत गेले. त्यानंतर मी पुन्हा तसं केलं नाही.

पण सल गेला नाही. दोन वर्षांनी मी ठरवलं, ही गाडी विकायची आणि पेट्रोलची घ्यायची. दिवा लागणार नाही, घाट नको, कोणी यायला नको. ग्रंथालयातल्या माणसाला शोभेल असा शहाणा निर्णय होता तो. जेवताना दादांच्या कानावर घातला आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो. मिस्त्री खूश होतील, हेच तर त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, असं मला वाटलं. ते गाडीखाली होते. खालूनच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. हाय ती बरी हाय." मी कारण विचारलं. बराच वेळ नुसता पान्याचा आवाज येत राहिला. ते बाहेर आले नाहीत. सगळ्या गावाला खरं सांगणारा हा माणूस मलाच खोटं सांगतोय, हे मला कळलं. का, तेही कळलं असं वाटलं. माझ्या बापाची सोबत त्याला सोडवत नव्हती. मी गाडी विकली नाही, पण त्या दिवसापासून मी मनातून त्यांना थोडा कमी मान देऊ लागलो, आणि त्यात मला समाधान मिळत होतं.

ते गेले त्या आठवड्यात शनिवारी गाडीत दिवा लागला. रविवारी सकाळी मी दादांना हाक मारली. ते बूट घालून येऊन बसले. पाली मागं पडली, घाट लागला. वर चढता चढता मी गाडी विकायच्या वेळची गोष्ट काढली. म्हणालो, मिस्त्रींनी सगळ्यांना बरोबर सल्ला दिला, मला मात्र एकदा चुकीचा दिला. गेलेल्या माणसाची तक्रार मी करत होतो.

दादा खिडकीबाहेर बघत राहिले.

"त्येनं न्हाई. म्या सांगितलं व्हतं त्येला, तू जायच्या आदी," ते म्हणाले. "पेट्रोलची आली असती तर हिला फिरवायची काय गरज व्हती? मंग रयवारी मला कोनी नेलं असतं?"

मी नेलं असतं, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ते मी गिळलं.

"मिस्त्री न्हाईच म्हनत व्हता. म्हनला, दादा, सरांशी लबाड बोलाया जीभ वळत न्हाई माजी. म्या हात जोडले त्येच्याम्होरं."

समोरून ट्रक येत होता. मी गाडी कडेला घेतली, ट्रक जाऊ दिला. दादांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. हात जोडले होते, तेही त्या माणसापुढं. मला त्याही वेळी हेवाच वाटला. फक्त आता तो हेवा करायला समोर कोणी नव्हतं.

डिझेलची गाडी अजून आहे. दर रविवारी सातला मी ती बाहेर काढतो आणि दादा शेजारी बसतात. पालीपर्यंत बहुतेक वेळा आम्ही बोलत नाही.